रोज एक छायाचित्र: लेण्यांबाहेरचे वेरूळ

रोज एक छायाचित्र काढायचे आणि ते शक्यतो कोणत्याही खास गोष्टीचे नसावे, असा एक छंद जगभर रुजला आहे. उंबऱ्यातली चप्पल, चुलीवरचे भगुने, रस्त्याचे वळण, खिडकीतून दिसणारे लिंबाचे झाड, याहून मोठा विषय लागत नाही. पथ्ये दोनच. दिवस चुकवायचा नाही आणि काढलेले चित्र तारखेसह जपायचे. वर्ष पुरे झाले की ३६५ चित्रांची रांग तयार होते, म्हणून अनेक जण याला ‘३६५ प्रकल्प’ म्हणतात. त्यातले एखादे चित्र सुटे काढून पाहिले तर बहुधा सामान्यच वाटते. त्याची किंमत कळते ती मागच्या-पुढच्या चित्रांच्या शेजारी ठेवल्यावर.

वेरूळ हे या छंदासाठी अगदी गैरसोयीचे गाव वाटेल, कारण इथे ‘खास’ गोष्टींची कमतरताच नाही. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या कड्यात कोरलेली ३४ लेणी, त्यांत बारा बौद्ध, सतरा हिंदू आणि पाच जैन; मध्यभागी राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावाशी जोडलेले आठव्या शतकातले कैलास लेणे; आणि १९८३ पासून जागतिक वारशाचा मान. छत्रपती संभाजीनगरहून तीस किलोमीटरवर असलेल्या या गावी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा कैलासासमोर उभा राहून एक फोटो काढतो आणि जातो. परिणाम असा की एका शिल्पसमूहाची जवळजवळ सारखीच छायाचित्रे अगणित आहेत आणि त्याच्या पायथ्याशी नांदणाऱ्या गावाची मोजकी. सामान्य वस्तूंच्या रोजच्या छायाचित्राला खरे काम असेल, तर ते अशाच जागी.

वेरूळची चित्रे काढण्याची परंपरा कॅमेऱ्याहून जुनी आहे. १७९० च्या दशकात पुणे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरी गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा मराठी चित्रकार होता. त्याने वेरूळला येऊन लेण्यांची रेखाटने केली. मॅलेटने वेरूळवर लिहिलेल्या वर्णनाला या रेखाटनांचा आधार होता. याच सुमारास आलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने मोठ्या आकाराचे मुद्रित चित्रसंच १८०३ मध्ये प्रसिद्ध केले आणि युरोपला वेरूळ ठाऊक झाले. गंगारामचे नाव मात्र पुढे फारसे कोणी घेतले नाही. वेरूळच्या चित्रांचा इतिहास बहुधा परदेशी प्रवाशांपासून सुरू केला जातो, तो पुण्याच्या तांबटापासून सुरू व्हायला हरकत नाही.

कॅमेरा आला तो मेजर रॉबर्ट गिल यांच्याबरोबर. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये नेमलेल्या या अधिकाऱ्याने पुढे छायाचित्रणही सुरू केले. त्याने काढलेली ७४ छायाचित्रे आणि जेम्स फर्ग्युसनचा मजकूर असलेले पुस्तक १८६४ मध्ये लंडनला निघाले. त्यात अजिंठ्याबरोबर वेरूळही आहे. गिलने रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. छायाचित्रे छापील प्रतींमुळे ठिकठिकाणी पांगली होती, ती टिकली.

त्या काळी एक छायाचित्र काढणे म्हणजे छोटीशी मोहीमच असे. १८५१ मध्ये निघालेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि वाळण्याआधी धुऊन काढायचा, हे सारे दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे अंधारी राहुटी, बाटल्या, पाणी आणि काचा बैलगाडीतून डोंगराच्या पायथ्यापर्यंत न्यायच्या. एवढा खटाटोप करणारा माणूस चुलीवरच्या भगुन्याचे चित्र काढणे शक्यच नव्हते. त्याने कैलास काढला, विश्वकर्मा लेणे काढले, आणि ते योग्यच होते.

तरीही त्या काळच्या छायाचित्रांत आजचा अभ्यासक पुष्कळदा शिल्पाच्या आजूबाजूचे पाहतो. मूर्ती तर आजही जागेवर आहे. अंगणात गाळ किती होता, छताचा कोणता भाग तेव्हाच पडला होता, कोणत्या फटीत झाड उगवले होते, प्रमाणासाठी उभ्या केलेल्या माणसाने काय नेसले होते, हे मात्र दुसरीकडे कुठे सापडत नाही. वेरूळच्याच अकराव्या लेण्याला ‘दो ताल’ म्हणतात, पण ते आहे तीन मजली. खालचा मजला गाळाखाली गाडला गेला होता, तो १८७६ मध्ये उकरून मोकळा झाला. जुन्या चित्रात जे नकळत, कडेकडेने आले, तेच पुढे पुरावा ठरते. रोजच्या छायाचित्रात हीच नकळत आलेली गोष्ट मुद्दाम मध्यभागी आणली जाते.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी तिचे सभासद होते, त्यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामणी ही त्या पिढीतल्या मराठी छायाचित्रकारांची नावे. पण छायाचित्र ‘रोज’ काढता येईल अशी अवस्था यायला बराच वेळ लागला. आधी कोरड्या काचा आल्या, मग १८८८ मध्ये ईस्टमनचा शंभर चित्रांचा कोडॅक आला. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत कॅमेरा शिरला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री हा त्यातला सर्वांत ओळखीचा. एका रोलवर बारा चित्रे निघत, आणि ती मुंज, सहल आणि दिवाळी मिळून पुरवायची असत. अशा हिशेबात साध्या वस्तूला जागा मिळणार कुठून? घराघरांतल्या जुन्या अल्बममध्ये नवरा-नवरी आहेत, आजी-आजोबा आहेत. ज्या जात्यावर आजीने जन्मभर दळले ते जाते नाही, ज्या पाणवठ्यावरून पाणी आणले तो पाणवठाही नाही.

या नियमाला एक ठळक अपवाद मराठी माणसानेच घडवला. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ मध्ये लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांच्यापाशी भांडवल नव्हते. कॅमेरा काय करू शकतो हे दाखवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा पक्का रोवला आणि रोज एक चौकट या हिशेबाने महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. अंकुर फुटतो, वर येतो, वेल होते. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही चित्रफीत पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसा पुरवला आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. पौराणिक चित्रपटांच्या इतिहासात वाटाण्याची हकीकत गंमत म्हणून सांगितली जाते. वस्तुतः रोजच्या छायाचित्राचे सगळे तंत्र तिच्यात आहे: विषय साधा, कॅमेरा एका जागी, अंतर ठरलेले, आणि मध्येच थांबायचे नाही. फाळके मूळचे छायाचित्रकार, काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरीलाही होते. नोंदीची शिस्त त्यांच्या हातात आधीच होती.

परदेशात या छंदाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टनचे. ३१ मार्च १९७९ पासून त्याने पोलरॉइड कॅमेऱ्यावर दिवसाला एकच चित्र काढले, आणि २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या एक्केचाळिसाव्या वाढदिवशी तो वारला, त्या दिवसापर्यंत ते चालू ठेवले. साडेसहा हजारांहून अधिक चित्रांत मित्र आहेत, जेवणाची ताटे आहेत, रिकाम्या खोल्या आहेत आणि शेवटी आजारपण आहे. कार्ल बाडेन या अमेरिकी छायाचित्रकाराने दुसरी वाट धरली. १९८७ पासून तो रोज स्वतःचा चेहरा एकाच पद्धतीने टिपत आला आहे. विज्ञानाने तर हे आधीच ओळखले होते. १८८० च्या दशकाच्या अखेरीस सेबॅस्टियन फिन्स्टरवाल्डर याने आल्प्समधील हिमनद्यांची ठरावीक जागेवरून पुन्हा पुन्हा छायाचित्रे घेतली, आणि हिमनदी किती मागे सरली ते मोजण्याचे एक साधन त्यातून मिळाले.

या उदाहरणांवरून दोन पद्धती स्पष्ट होतात. एकीत कॅमेरा हिंडतो आणि रोज नवा विषय शोधतो. दुसरीत विषय तोच राहतो, बदल आपोआप त्याच्यासमोर येतो. पहिली पद्धत डोळा घडवते, दुसरी दस्तऐवज घडवते. वेरूळसारख्या ठिकाणी दुसरीच अधिक फळते, कारण इथे सूर्य आणि पाऊस वर्षभर एकाच कड्यावर काम करत असतात.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख कड्यात आहेत. त्यामुळे सकाळी ती सावलीत असतात. ऊन दुपारनंतर आत शिरू लागते आणि मावळतीला सर्वांत खोलवर पोहोचते. सकाळी गाडीतून उतरून घाईने लेणी उरकणाऱ्या पाहुण्याच्या फोटोत दगड निस्तेज दिसतो, त्याचे कारण हेच. वर्षभरात मावळतीची जागाही सरकते. विसाव्या अक्षांशावरच्या या गावात डिसेंबरच्या शेवटी सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे पंचवीस अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनच्या शेवटी तेवढाच उत्तरेला. म्हणजे सहा महिन्यांत मावळतीचा बिंदू क्षितिजावर पन्नास अंश चालतो. दहाव्या लेण्यात, ज्याला विश्वकर्मा किंवा ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, मार्चमध्ये काही दिवस उतरते किरण दर्शनी गवाक्षातून थेट स्तूपापुढच्या बुद्धमूर्तीवर येतात आणि ते पाहायला लोक मुद्दाम जमतात. सूर्य त्याच कोनात वर्षातून दोनदा येतो, पण दुसरी खेप पावसाळा सरताना पडते आणि ढगांमुळे अनेकदा हुकते. रोज संध्याकाळी एकाच दाराचे चित्र घेणाऱ्याला हे पंचांग न पाहता उमगेल.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट घडते, ती पाहायला लेण्यात जायचीही गरज नाही. २० मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य वेरूळच्या बरोबर माथ्यावर येतो. उभ्या काठीची, विजेच्या खांबाची, अंगणातल्या पिंपाची सावली नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. जुलैच्या चौथ्या आठवड्यात तो पुन्हा येतो, मात्र तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते. तुळशीवृंदावनाचे रोज दुपारी साडेबाराला घेतलेले छायाचित्र एवढ्याने शाळकरी मुलांना पृथ्वीच्या कललेल्या आसाचा पाठ शिकवू शकते. भूगोलाच्या पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तो जास्त लक्षात राहील. जिल्हा परिषदेच्या शाळांनी हा प्रयोग करून पाहावा. खर्च काहीच नाही.

पावसाळा कड्याचा रंगच बदलतो. हा दख्खनचा बेसाल्ट, कोरडा असताना राखी-तपकिरी, भिजला की काळा. उन्हाळ्यात उघडा-बोडका दिसणारा डोंगर जुलैत हिरवा होतो, येळगंगा नदी वाहू लागते आणि एकोणतिसाव्या लेण्याजवळ, सीतेच्या न्हाणीपाशी, धबधबा कोसळतो. पाणी दगडात कुठून झिरपते, कोणत्या भिंतीवर शेवाळ आधी धरते, ओल किती दिवसांनी सुटते, हे पर्यटकाच्या दृष्टीने किरकोळ आणि जतनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे. कोरीव खडकाचा सर्वांत जुना शत्रू पाणीच आहे. एका ओल्या डागाची दोनशे दिवसांची रांग पाहिली, तर ओल कधी आली आणि किती टिकली याचे उत्तर समोर असते.

आठवड्यातून एक दिवस, मंगळवारी, लेणी बंद असतात. रोजच्या नेमाला हा अडथळा वाटेल. खरे तर ती सोय आहे. मंगळवारी कॅमेऱ्याला गावाकडे वळावेच लागते, आणि गावात लेण्यांइतकाच ऐवज आहे. घृष्णेश्वराचे तांबूस दगडाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धारिलेले. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे शिवालय तीर्थ हे कुंडही त्यांच्याच नावाशी जोडलेले. भोसले घराण्याकडे वेरूळची पाटीलकी होती, शहाजीराजांच्या वडिलांचे, मालोजीराजांचे हे गाव, आणि त्यांच्या गढीचे अवशेष गावात आहेत. यांची छायाचित्रे निघतात. निघत नाहीत ती मंदिराच्या वाटेवरल्या बेल-फुलांच्या टोपल्यांची, कुंडाच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी उतरले त्याची, बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे स्फटिक मांडून बसलेल्या विक्रेत्याच्या फडक्याची.

ऋतू कळतो तो याच वस्तूंवरून. पावसाळ्यात रस्त्याकडेला कणसे भाजली जातात. दसऱ्याच्या आगेमागे सीताफळांच्या टोपल्या लागतात. खुलताबाद तालुक्यात आल्याचे पीक मोठे, त्यामुळे आले काढणीच्या दिवसांत पोत्यांचे आणि मातीचे दृश्य वेगळेच. कापसाची वेचणी सुरू झाली की अंगणे पांढरी होतात. श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला गावाचा रस्ता माणसांनी भरतो, दुसऱ्या दिवशी तोच रस्ता द्रोण-पत्रावळींनी. पोळ्याला बैल सजतात, पण बैलांची संख्या घटते आहे आणि त्यांच्या जागी ट्रॅक्टर उभे आहेत. दरवर्षी पोळ्याच्या दिवशी एकाच चौकाचे एक छायाचित्र निघाले असते, तर शेतीतल्या या बदलाचा आलेख विनासायास हाती आला असता.

साध्या वस्तूला इतके महत्त्व द्यावे का, ही शंका महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, कुंकवाचे करंडे, दरवाजांच्या चौकटी गोळा केल्या, तेव्हा मोडीत काढलेल्या भांड्यांसाठी हा मनुष्य पैसे का घालवतो, असे अनेकांना वाटले असेल. आज त्यांच्या लहानपणी वारलेल्या मुलाच्या नावाने ओळखले जाणारे राजा केळकर संग्रहालय वीस हजारांवर वस्तू बाळगून आहे, आणि जुन्या मराठी घरात माणसे कशी राहत हे पाहायला तिथेच जावे लागते. केळकरांनी वस्तू वाचवल्या. वस्तू ज्या फळीवर, ज्या उजेडात, ज्या पसाऱ्यात होती, ते मात्र संग्रहालयात आणता येत नाही. ते काम छायाचित्राचे. ग्रामीण भारताचे रोजचे जगणे नोंदवण्यासाठी पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला ‘पारी’ हा संग्रह याच विचाराचा. जात्यावरच्या ओव्यांचा फार मोठा साठा त्यात सांभाळलेला आहे.

आता हाताच्या कामाविषयी. एकाच दृश्याची मालिका करायची तर जागा, दिशा आणि वेळ या तिन्ही गोष्टी बांधून घ्याव्या लागतात. पायरीच्या कोपऱ्याला टाच टेकवून उभे राहायचे आणि समोरचा एक खांब चौकटीच्या डाव्या कडेला आणायचा, एवढी खूण पुरते. झूम बदलू नये. फोनमधला रंग खुलवणारा फिल्टर बंदच ठेवावा. हल्लीचे फोन एका चित्रासाठी अनेक चौकटी घेऊन त्या आपसात मिसळतात, आभाळ निळे आणि गवत हिरवे करून दाखवतात. लग्नाच्या फोटोला ते चालते, पण जूनमधला डोंगर खरोखर किती हिरवा होता हे नोंदवायचे असेल तर ही मेहरबानी नडते.

वेरूळच्या दगडापाशी दुसरी अडचण उजेडाच्या मापाची. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. त्यामुळे ओला काळा कडा चौकटभर आला की तो त्याला उजळवतो आणि काळा दगड धुरकट दिसतो. उलट पांढरे धोतर किंवा कापसाचा ढीग समोर आला की तो त्याला मळकट करतो. फोनच्या पडद्यावर वस्तूवर बोट टेकवून उजेडाची खूण खाली-वर सरकवली की हे सुधारते. काळ्यासाठी खाली, पांढऱ्यासाठी वर. नवशिक्याला हा नियम उलटा वाटतो, दोन-चार वेळा करून पाहिला की पटतो. घरातल्या वस्तूंना दाराचा किंवा खिडकीचा बाजूने येणारा उजेड सर्वांत चांगला. तांब्याच्या घागरीवरचा पोचा, पाट्यावरची टाक्यांची खोदण, सुपाची वीण हे सारे आडव्या उजेडात उठून येते आणि समोरून फ्लॅश मारला की सपाट होते.

परवानगीचे नियमही ठाऊक हवेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८ मध्ये बहुतेक संरक्षित स्मारकांत छायाचित्रण खुले केले. अजिंठ्याची लेणी, ताजमहालातील कबरीचा भाग आणि लेहचा राजवाडा हे तेव्हाचे अपवाद. वेरूळला त्यामुळे आडकाठी नाही, पण तिवई लावायची किंवा ड्रोन उडवायचा तर वेगळी परवानगी लागते, आणि जिथे रंगाचे अवशेष आहेत तिथे फ्लॅश टाळणेच शहाणपणाचे. घृष्णेश्वर मंदिरात आत छायाचित्रण चालत नाही. माणसांच्या बाबतीत लेखी नियम नसला तरी रीत आहे. मावशी टोपली घेऊन बसल्या असतील तर आधी विचारावे, त्या नको म्हणाल्या तर टोपलीचाही फोटो काढू नये. लहान मुलांची छायाचित्रे पालकांच्या नकळत काढणे आणि पसरवणे तर मुळीच नको. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या माणसाला हे पाळणे सोपे जाते, कारण पंधरा दिवसांत गाव त्याला ओळखू लागते. पाहुण्याला जे दार बंद असते ते रोजच्या माणसाला उघडते.

या छंदात माणसे थकतात ती बहुधा दोन-तीन महिन्यांनी. नवेपण ओसरते, ‘आज काही दिसलेच नाही’ अशी तक्रार सुरू होते, आणि मग कोणाच्या तरी पसंतीसाठी सूर्यास्त व फुले यांचा भरणा होतो. या टप्प्यावर विषय अरुंद करणे हा उपाय उपयोगी पडतो. गावभर हिंडण्याऐवजी एक महिना फक्त दारे, एक महिना फक्त पाणी साठवण्याची भांडी, एक महिना फक्त एसटीच्या थांब्यावरचे सामान. बंधन आले की डोळा काम करू लागतो. एखादा दिवस चुकलाच तर जुने चित्र त्या तारखेला चिकटवू नये, जागा रिकामी सोडावी. खोट्या तारखेने सारी रांग संशयास्पद होते.

शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे, ते म्हणजे जतन. फोनवरचे एक चित्र साधारण तीन ते पाच मेगाबाइटचे धरले, तर वर्षाची सगळी चित्रे दोन गिगाबाइटमध्ये बसतात, म्हणजे साध्या पेनड्राइव्हमध्ये. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला की रांग आपोआप क्रमाने लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र आकाराने लहान होते आणि त्यात दडलेली वेळेची व कॅमेऱ्याची माहितीही जाते, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवावी, आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरी. प्रत्येक चित्राला एक ओळ जोडावी: जागा कोणती, तोंड कोणत्या दिशेला, वस्तूला घरात काय म्हणतात, ती कोणी वापरली. महिन्याला एक चित्र कागदावर छापून घ्यावे आणि मागे शिसपेन्सिलीने तारीख घालावी. वर्ष पुरे झाल्यावर एक संच गावच्या शाळेला किंवा ग्रंथालयाला द्यावा. सुरुवात कोणत्याही दिवशी करता येते, मंगळवारीसुद्धा.